सोमाजीला झोप लागली पाहिजे

आमच्या घरी बाबूजींच्या ड्रायव्हिंगबद्दल दोन मतं होती, एक बाबूजींचं आणि एक बाकी सगळ्यांचं. बाबूजी म्हणत, माझ्यासारखी जीप अख्ख्या नागपूर जिल्ह्यात कोणी चालवत नाही. बाकी सगळेही अगदी हेच म्हणत, फक्त म्हणताना कमरेवर हात ठेवत. ती जीप लष्कराच्या लिलावातली. स्टिअरिंग डाव्या हाताला, वर ताडपत्रीचं छत, दारं नाहीतच. नंदनवनात तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते, बाभळी आणि गाजरगवताचं राज्य होतं. त्या मोकळ्या शांततेत सकाळी सात वाजता बाबूजी जीपमध्ये चढत आणि पायाखालचं स्टार्टरचं बटण दाबत. आधी म्हातारा खोकल्यासारखा आवाज. मग पहिला गिअर पडताना करवतीसारखी किर्रर्र. मग क्लचवरचा पाय एकदम उचलल्यामुळे तीन बेडूकउड्या. तिसऱ्या उडीला शेजारच्या घरातली भांडी वाजत, आणि त्यावरून तिथली बाई पोरांना शाळेसाठी उठवत असे. घड्याळ घ्यायची गरज त्यांना कधी पडली नाही.

बाबूजींच्या शेजारी बसणाऱ्यासाठी समोर एक आडवी लोखंडी दांडी होती. उन्हात ती तव्यासारखी तापायची, म्हणून बाबूजींनी तिच्यावर सुतळी गुंडाळली होती, घट्ट, एकाला एक वेढा लावून. त्यांच्या हातचं एवढं नेटकं काम मी दुसरं पाहिलं नाही. पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली. घरी परतलं की बाबूजी सीट उचलून टाकीत तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, बुडवत, ओली खूण अंगठ्याने धरत आणि किती जळलं ते बघून उसासा सोडत. ती तुराटी ओसरीच्या कोपऱ्यात उभी असे आणि तिला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. पेट्रोल वाचवणं हा बाबूजींचा धर्मच होता. कुठेही उतार दिसला की ते गाडी न्यूट्रलला टाकत आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणत, "उतार म्हणजे देवानं दिलेलं फुकटचं पेट्रोल!" आम्ही सगळे त्या वेळी देवाचंच नाव घेत असू.

खापा गावाच्या अलीकडे आमची संत्र्याची बाग होती. बाग बाबूजींची म्हटली जायची, पण ती उभी केली होती त्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे माझ्या आत्याबाईने. तिचे यजमान लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गेले, ती माहेरी परत आली आणि बागेतच राहिली. झाडांना पाणी तोडायचं कधी, सोडायचं कधी, कोणता व्यापारी लबाड, सगळं तिला पाठ. मग एका पावसाळ्यात ती विहिरीच्या काठावरून घसरली आणि पाठीचा मणका दुखावला. कित्येक महिने प्लास्टरमध्ये काढून ती आमच्याकडे नंदनवनात आली. डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, गचका बसता कामा नये. ती चालायची, बसायची, आईला पाटोडीचा रस्सा तिखट करायला लावायची, स्वयंपाकघरातून माझ्या केसांवर टीका करायची. फक्त प्रवास बंद. एकदा बाबूजींनी तिला हट्टाने जीपमधून चौकापर्यंत नेलं. चौकातून ती पायी परत आली.

त्या आखाडात बागेतून निरोप आला की बादशा थकला आहे. बादशा म्हणजे आमचा पांढरा बैल. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली होती आणि आत्याबाईने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. निरोप्या म्हणाला, "औंदाचा पोळा पाहीन तो. पुढचा काही सांगता येत नाही."

आत्याबाई सांबार निवडत होती, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"नान्या," ती बाबूजींना म्हणाली, "या पोळ्याले बादशाले पुरणपोळी मी चारीन. माह्या हातानं."

बाबूजी खूश झाले. "मंग काय! मी नेतो ना तुले जीपमंदी."

"तू? तुह्या हाती हाडं देऊ माहे? डॉक्टरनं महिने लावून जोडले ते."

"मंग कशानं जाशीन? सडकेपासून बागेपर्यंत दीड कोस गाडीवाट हाये, मधात नाला. बैलगाडीनं म्हणशीन तं पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाहीत."

हे खरं होतं. वर्षातला तो एक दिवस बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, मग मालकिणीसाठी का असेना. आत्याबाईने चहूकडे पाहिलं. तिची नजर आईवरून गेली, पाण्याच्या माठावरून गेली आणि माझ्यावर थांबली. मी तेव्हा अठरा वर्षांची, कॉलेजात जाणारी, आणि त्या क्षणी तिच्या ताटातला गूळ चोरण्यात गुंतलेली.

"कुंदी चालवीन," आत्याबाई म्हणाली.

"हिले तं सायकल नीट येत नाही!"

"म्हून तं. तुह्यासारखं काही शिकली नाही अजून."

असा माझा प्रवेश झाला, मंडळी. पोळ्याला पाच रविवार होते. बाबूजींनी परवानगी दिली ती एवढ्याच भरवशावर की मी पहिल्याच रविवारी रडत घरी येईन.

शिकवणार कोण? बाबूजी शिकवतील तर मी बाबूजीच होणार, हे आत्याबाईचं म्हणणं. म्हणून तिने मास्तर नेमला तो सोमाजी. सोमाजी आमच्या बागेवरचा गाडीवान, साठीच्या घरातला, काटकुळा, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. त्याने उभ्या आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता आणि पुढेही लावायचा विचार नव्हता. पण संत्र्याचे ढीग भरलेली बैलगाडी तो त्या नाल्यातून नेत असे आणि एक फळ दबत नसे. दर रविवारी बाबूजींनी मला आणि जीपला गाडीवाटेच्या तोंडाशी आणून सोडायचं असं ठरलं. पहिल्या रविवारी सोमाजी तिथे आला, जीपभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायाने ठोकलं, मागच्या भागात तणसाचं पोतं अंथरलं आणि त्यावर आडवा झाला.

"सोमाजी, तुम्ही मागे झोपून मला शिकवणार कसे?"

"शिकवाचं काय त्यात? गाडीवान नीट असला तं मागच्याले झोप लागते. मले झोप लागली का तू पास. चाल, हाक."

मी हाकली, म्हणजे बटण दाबलं, किर्रर्र करून गिअर टाकला आणि क्लच सोडला. मागून पोतं आणि सोमाजी एकदम उठून बसले.

"दात काहून खाऊन राहिली वं हे? आन् उडी काहून मारून राहिली?" मग तो पुढे सरकून माझ्या खांद्यामागे येऊन बसला आणि बैलगाडीतलं त्याला ठाऊक होतं ते सांगू लागला. बैल उभे केले की लगेच पराणी टोचायची नाही. आधी जू खांद्यावर बसू द्यायचं. मग दोर ताणू द्यायचे. ओढ भरली की गाडी आपणहून हलते, तिला हलवावं लागत नाही. "ओढ भरू दे, बाई. तुह्या पायाखाली कुठं तरी ते ओढ भरत असंन. शोध."

मी चपला काढल्या. अनवाणी पायाने क्लच दाबला आणि नखाएवढा, नखाएवढा वर सोडत गेले. आणि एका जागी खरंच काहीतरी भरलं. इंजिनाचा आवाज जाड झाला, जीपचं नाक किंचित वर आलं, तळपायाला मुंग्या आल्या. मी तिथेच थांबले, आणखी थोडा पाय सोडला, आणि जीप गेली. उडी नाही, काही नाही. दह्यावरची साय सरकावी तशी. मी एवढ्या जोरात ओरडले की झाडावरचे पोपट उडाले. आज माझ्या सुनेच्या गाडीला क्लचच नाही. सगळं आपोआप, म्हणून ती मला कौतुकाने दाखवते. मी मान डोलावते. पण तळपायाला मुंग्या आल्याशिवाय गाडी निघाली असं मला अजून वाटतच नाही, आणि रिकामा डावा पाय खाली काहीतरी चाचपत राहतो.

दुसरा रविवार गिअरचे दात मिटवण्यात गेला. पहिला गिअर जीप पूर्ण थांबल्याशिवाय घ्यायचा नाही, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी किर्रर्र बंद होते, हे मला उमगलं. बाबूजींना ते वीस वर्षांत उमगलं नव्हतं, आणि मी सांगितल्यावर त्यांनी ते ऐकलंच नाही. मुख्य गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन बुटक्या दांड्या होत्या. सोमाजीने विचारलं, "हे दोन लहानगे काहून बांधून ठेवले इथं?" बाबूजींना विचारलं तर म्हणाले, "त्याईले हात लावाचा नाही. पेट्रोल पिते ते." मी लावला नाही. तोपर्यंत मी आज्ञाधारक मुलगी होते.

तिसऱ्या रविवारी मला गर्व झाला. आधी दोन दिवस पाऊस पडून गेलेला, काळी माती लोण्यासारखी मऊ. गाडीवाटेने मी अशी झोकात निघाले की मागे सोमाजीचा श्वास संथ होत चालला. मी कान देऊन ऐकत होते. नाला आला. उतार लांबट, खाली गुडघाभर पाणी. आणि बघा, रक्त कसं असतं ते! माझा हात आपणहून गेला आणि गिअर न्यूट्रलला पडला. देवाचं फुकटचं पेट्रोल! दोन क्षण फार छान गेले. मग जीपला आपण मोकळे झालो हे कळलं. ती धावायला लागली. मी ब्रेक मारला, चाकं थांबली पण जीप थांबली नाही. ती चिखलावरून आडवी घसरत निघाली, पुढचं चाक एका दगडाला लागलं आणि स्टिअरिंग माझ्या हातात गर्रकन फिरलं. त्याची आडवी काडी माझ्या अंगठ्यावर अशी बसली की मला भर दुपारी चांदण्या दिसल्या. नाल्याच्या कडेला नाक खुपसून जीप उभी राहिली. इंजिन बंद. सगळीकडे शांतता, फक्त पाण्याची खळखळ. मागे वळून पाहिलं तर पोतं होतं आणि सोमाजी नव्हता.

तो खाली नाल्याच्या गाळात बसलेला होता, कमरेपर्यंत. पटका शाबूत. मिशीतून पाणी ठिबकत होतं. मी रडत रडत पाण्यात उतरले.

"सोमाजी! लागलं का हो?"

"लागली होती," सोमाजी म्हणाला. "चांगली लागली होती झोप. मोडली."

मी हसू की रडू अशी उभी. त्याने माझा सुजलेला अंगठा हातात घेऊन पाहिला, ओल्या पटक्याचं टोक त्यावर गुंडाळलं आणि मग शांतपणे, अगदी गाईला विचारावं तसं विचारलं, "कुंदाबाई, मले एक सांग. उतारावर बैल सोडतेत का?"

मी नाही म्हटलं.

"चढावर बैल गाडी ओढते. उतारावर तेच बैल गाडी अडवते. छातीवर घेते ओझं. उतारावर सोडले बैल, तं गाडी कोणाच्या भरवशावर?"

मी गिअरच्या दांडीकडे पाहिलं. ती न्यूट्रलमध्ये लुळी पडली होती, जुवाखालून बैल काढून नेल्यासारखी. त्या नाल्यात, चिखलाने माखून, मला एकदम सगळं कळलं. गिअर फक्त ओढायला नसतो, तो धरायलाही असतो. आमच्या घराने इतकी वर्षं प्रत्येक उतारावर बैल सोडले होते आणि वर त्याला बचत म्हटलं होतं. घरी आल्यावर मी बाबूजींना सरळ विचारलं, त्या दोन दांड्या कशाच्या. माझा अंगठा पाहून त्यांनी छताकडे बघत सांगितलं. एक पुढच्या चाकांनाही कामाला लावते. दुसरीने जीप मुंगीच्या चालीने जाते, चढावर आणि उतारावरही.

चौथ्या रविवारी मी नाल्याच्या वर थांबले. दोन्ही दांड्या टाकल्या, पहिला गिअर घेतला, पाय ब्रेकवरून आणि क्लचवरून, दोन्हींवरून काढून घेतले आणि अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर ठेवले. जीप घूं घूं करत उतारावरून चालत उतरली, पाण्यातून चालत गेली आणि पलीकडे चालत चढली. मी काही केलं नाही, हेच मी केलं. मधल्या आठवड्यात मला लायसन्सही मिळालं. आरटीओतल्या साहेबांनी गाडी पुढे-मागे घ्यायला लावली, एवढंच. खरी परीक्षा पाचव्या रविवारी, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली. बागेत पोचून मी इंजिन बंद केलं तेव्हा सोमाजी तोंड उघडं टाकून घोरत होता. मी आनंदाने हॉर्न दाबला. तो उठला, इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "पास. पन उठवलं काहून?"

त्या संध्याकाळी त्याने बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकले, त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं. मग तळहातावर उरलेली हळद घेऊन जीपपाशी आला आणि गिअरच्या तिन्ही दांड्यांना ती चोळली. "तूही ये गा उद्या जेवाले," तो जीपला म्हणाला. बाबूजी हे पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॅनमधून टाकी गच्च भरली.

पोळ्याच्या दिवशी आईने पहाटेपासून पुरण वाटलं होतं. आत्याबाई हिरवं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली, मांडीवर पोळ्यांचा डबा, डावा हात डब्यावर, उजवा दांडीवर. पाठीमागे आईने गोधडीची घडी दिली. बाबूजींना मागे बसवलं होतं, कढीचा गंज, म्हणजे पातेलं, हातात देऊन, आणि तोंड उघडायचं नाही या अटीवर. डांबरी सडक सरली, गाडीवाट आली. मी चपला काढल्या. आत्याबाईने माझ्या पायांकडे पाहिलं. नाल्यापर्यंत तिने माझ्यावर एकदाही टीका केली नाही, आणि तिला ओळखणाऱ्याला त्याचा अर्थ कळेल. नाल्याच्या वर मी जीप थांबवली.

"न्यूट्रल," मागून बाबूजींच्या तोंडून निसटलं. "न्यूट्रल कर, कुंदे, उतार—"

"नान्या, चूप!"

मी दांड्या टाकल्या. हळदीचा वास आला. पाय काढून घेतले, आणि जीपने आमचं ओझं छातीवर घेतलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आत्याबाईने डोळे मिटले होते आणि मान जरा कलली होती. पाण्यात एक दगड चाकाखाली आला, स्टिअरिंगने हिसका दिला, मी तो तळहातात विरू दिला. पलीकडचा चढ. वर पोचलो तरी तिचे डोळे मिटलेलेच. लागली, मी मनात म्हटलं, आत्याबाईला झोप लागली! नंतर मी पुष्कळ सन्मान पाहिले, बऱ्याच जणांना शालीही पांघरल्या. पण तसा सत्कार माझा पुन्हा झाला नाही.

गोठ्यापाशी जीप थांबल्यावर तिने डोळे उघडले. "पोचलो? नाला कवा गेला? मी तं झोपली होती वं."

सोमाजीने तिला हात देऊन उतरवलं. ती सरळ, ताठ, एकटी चालत बादशापर्यंत गेली. तो खरंच थकला होता, बरगड्या मोजता येत होत्या, पण शिंगं रंगवलेली होती आणि गळ्यात घुंगरू होते. तिचा आवाज ऐकून त्याने मान फिरवली आणि बाटलीतलं दूध मागणाऱ्या वासरासारखं तिच्या पदराला नाक लावलं. "व्हय रे राजा, मीच हाये," ती म्हणाली. डबा माझ्या हातात देऊन तिने पोळी घेतली आणि उजवा हात त्याच्या तोंडापुढे पसरला. मी शेजारीच उभी होते. तिच्या तळहातावर लाल, खोल, तिरके वळ उठले होते, एकाला एक लागून, अगदी नेटके. बाबूजींची सुतळी.

मी पाहिलं हे तिनेही पाहिलं. पोळी संपल्यावर बादशा ते वळ चाटत राहिला आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय पाहून राहिली? दुसरी पोळी दे."

मी दुसरी पोळी दिली. सत्कार परत घेतला गेला होता, पण मला वाईट वाटलं नाही. डोळे कोणीही मिटतं, पण एवढी मूठ आवळून कोणासाठी मिटायचे हे आत्याबाईलाच सुचलं. तेव्हापासून माझ्या गाडीत कोणी डोळे मिटले की मी आधी त्याचे हात बघते.

दिवस मावळायच्या आत आम्ही निघालो. गावातून ढोल ऐकू येत होता, वाटेवर बैलांच्या खुरांचे ताजे ठसे होते. नाल्याच्या वर मी पुन्हा थांबले आणि मागून "न्यूट्रल" येईल म्हणून कान टवकारले. काही आलं नाही. बाबूजी रिकामा गंज घेऊन पुढे वाकले आणि माझ्या कानात म्हणाले, "हळू. झोपली हाये ते." मी पाहिलं. आत्याबाईचं तोंड उघडं होतं, ती बारीक घोरत होती, आणि उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. बोटं सैल, वळ फिके झालेले, त्यांच्यामध्ये गुळाचे आणि बादशाच्या लाळेचे वाळलेले डाग. दांडी समोर तशीच, कोणी न धरलेली.

नाला ओलांडला, डांबरी सडक आली, तरी बराच वेळ मी वरचा गिअर टाकला नाही. तशीच दुसऱ्यावर, घूं घूं करत, पेट्रोल पाण्यासारखं जाळत आले. घरी पोचल्यावर आत्याबाईला आत नेऊन निजवलं. मग बाबूजी ओसरीवर आले, तुराटीपाशी क्षणभर उभे राहिले आणि ती न उचलताच पाय धुवायला निघून गेले.